‘ती बाई कुठे आहे?’ – समाज उभा करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांची ओळख

मदिनेच्या मस्जिदीत एक काळी बाई झाडलोट करायची. ना मोठं घराणं, ना पैसा, ना कबिल्याचा आधार. काही दिवस ती दिसली नाही, तेव्हा प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी तिची विचारपूस केली. लोक म्हणाले, तिचा इंतकाल झाला. ‘मग मला का सांगितलं नाही?’ असं प्रेषितांनी (स.) विचारलं. लोकांना ती बाब किरकोळ वाटली होती. म्हणून त्यांनी तिला परस्पर दफन करून टाकलं होतं. प्रेषितांनी (स.) तिची कबर दाखवायला सांगितली आणि तिथे जाऊन तिच्यासाठी नमाज अदा केली.

हा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. ती व्यक्ती स्त्री होती की पुरुष, याबद्दल काही ठिकाणी निवेदकाने शंका नोंदवली आहे. पण इतर रिवायतींवरून ती स्त्रीच होती, असं हदीसचे अभ्यासक मानतात. जुम्याच्या बयानात आपण हा प्रसंग अनेकदा ऐकतो आणि त्यातून मस्जिदीच्या स्वच्छतेचं महत्त्व शिकतो. पण त्यात आणखी एक धडा आहे. ज्या बाईचं जाणं लोकांना किरकोळ वाटलं, तिची उणीव अल्लाहच्या प्रेषितांना (स.) जाणवली. सन्मानाची सुरुवात इथूनच होते. माणूस दिसेनासा झाला की विचारायचं, ‘ती कुठे आहे?’

याच प्रश्नाने आज काही कृष्णवर्णीय स्त्रियांची आठवण काढू या.

आईनंतरची आई

हजरत बिलाल (रजि.) आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असतात. हजरत उम्मे ऐमन (रजि.) मात्र तितक्या माहीत नसतात. त्यांचं नाव बरका. त्या हबशी, म्हणजे आजच्या इथिओपिया-इरिट्रियाच्या भागातल्या. प्रेषितांचे (स.) वडील हजरत अब्दुल्लाह यांच्या घरी त्या दासी होत्या. प्रेषित (स.) सहा वर्षांचे असताना मदिनेहून परतीच्या वाटेवर, अबवा इथे, त्यांच्या आईचा इंतकाल झाला. त्या पोरक्या मुलाला मक्केत आजोबांपर्यंत सुखरूप आणलं ते उम्मे ऐमन (रजि.) यांनी. पुढे प्रेषितांनी (स.) त्यांना गुलामीतून मुक्त केलं. आपल्या आईनंतरची ही आपली आई, असं ते त्यांच्याबद्दल सांगत.

उहुदच्या लढाईत त्या जखमींना पाणी पाजत होत्या. मुलगा ऐमन (रजि.) हुनैनच्या लढाईत शहीद झाला. दुसरा मुलगा उसामा (रजि.) कोवळ्या वयात सेनापती झाला. प्रेषितांच्या (स.) निधनानंतर हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) मुद्दाम त्यांच्या भेटीला गेले, कारण प्रेषित (स.) त्यांना भेटायला जात असत. तेव्हा उम्मे ऐमन (रजि.) रडल्या. आकाशातून येणारी वही आता थांबली, याचं त्यांना दुःख होतं. ते ऐकून त्या दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. एकेकाळच्या दासीच्या दारी मुस्लिम समाजातली दोन सर्वांत मोठी माणसं जातात आणि तिच्यासोबत रडतात, यापेक्षा मोठा सत्कार कोणता?

खेड्यापाड्यांत पोहोचलेली शाळा

आता पश्चिम आफ्रिकेत जाऊ या. आजच्या उत्तर नायजेरियातल्या सोकोतो इथे नाना अस्माऊ (१७९३-१८६४) होऊन गेल्या. सोकोतो खिलाफतीचे संस्थापक शेख उस्मान दान फोदियो यांच्या त्या कन्या. अरबी, फुलफुल्दे आणि हौसा या भाषांत त्या लिहीत. वडिलांचं म्हणणं होतं की स्त्रियांना अज्ञानात ठेवणं हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. मुलीने ते म्हणणं प्रत्यक्षात आणलं.

त्या काळात खेड्यातल्या बाईला शिकायला सोकोतोपर्यंत येणं कठीण होतं. म्हणून नाना अस्माऊंनी ‘यान तारू’ नावाची शिक्षिकांची चळवळ उभी केली. प्रत्येक भागातल्या गटाची एक प्रमुख असे, तिला ‘जाजी’ म्हणत. ती बायकांचा गट घेऊन सोकोतोला यायची, शिकायची आणि गावी परतून इतरांना शिकवायची. धर्माची मूलतत्त्वं, नमाज-रोजाचे नियम, नीतीच्या गोष्टी असं सगळं नाना अस्माऊंनी पद्यात बांधलं होतं, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही पाठ करता यावं. आज आपण ज्याला शिक्षक-प्रशिक्षण म्हणतो, ते काम त्या दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी करत होत्या. नायजेरियात आजही शाळांना त्यांचं नाव दिलं जातं.

घरात सुरू झालेले वर्ग

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुस्लिमांचा विषय निघाला की माल्कम एक्स आणि मुहम्मद अली ही दोन नावं आठवतात. त्यांच्या मागे-पुढे अनेक स्त्रिया होत्या. क्लारा मुहम्मद (१८९९-१९७२) या जॉर्जिया राज्यातल्या, गुलामगिरी संपल्यानंतरही वंशभेदात पिचलेल्या समाजातल्या. पती एलिजा मुहम्मद ‘नेशन ऑफ इस्लाम’चे नेते. या संघटनेच्या काही शिकवणी मुख्य इस्लामी श्रद्धेशी जुळणाऱ्या नव्हत्या, हे इथे स्पष्ट सांगितलं पाहिजे.

सरकारी शाळांत काळ्या मुलांना कमीपणा शिकवला जातो, म्हणून १९३०च्या दशकात डेट्रॉईटमध्ये क्लाराबाईंनी घरातच वर्ग सुरू केले. अधिकाऱ्यांनी या शाळेवर कारवाई केली, तरी शिकवणं थांबलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पती तुरुंगात असताना संघटनेचा गाडा त्यांनीच ओढला. १९७५ मध्ये त्यांचे पुत्र इमाम वारिस दीन मुहम्मद यांनी हा समाज मुख्य सुन्नी प्रवाहात आणला आणि शाळांना आईचं नाव दिलं. ‘सिस्टर क्लारा मुहम्मद स्कूल’ या नावाने त्यातल्या काही शाळा आजही चालतात.

माल्कम एक्स यांच्या पत्नी बेटी शबाज या शिक्षणाने परिचारिका. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत पतीची हत्या झाली. तेव्हा त्यांना चार मुली होत्या आणि पोटात जुळं होतं. त्याच वर्षी त्या हजला गेल्या. पुढे सहा मुलींना वाढवता वाढवता त्या शिकल्या, १९७५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि ब्रुकलिनच्या मेडगर एव्हर्स कॉलेजात काम केलं. ‘माल्कमची विधवा’ एवढीच त्यांची ओळख सांगणं म्हणजे त्यांच्या पुढच्या तीस वर्षांच्या मेहनतीवर पाणी टाकण्यासारखं आहे.

‘तुम्ही समाजासाठी काय केलं?’

डॉ. हवा अब्दी (१९४७-२०२०) सोमालियाच्या. लहानपणीच आई गेली. ते दुःख त्यांना डॉक्टरकीकडे घेऊन गेलं. सोव्हिएत काळातल्या कीव शहरात शिकून त्या स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या. १९८३ मध्ये त्यांनी मोगादिशूजवळ घरच्या शेतजमिनीवर छोटा दवाखाना काढला. १९९१ मध्ये सरकार कोसळलं, यादवी पेटली आणि लोक जीव मुठीत धरून त्यांच्या दारात येऊ लागले. त्यांनी कुणालाही परत पाठवलं नाही. दवाखान्याचं रुग्णालय झालं, शेतात झोपड्या उभ्या राहिल्या. पुढे तिथे सुमारे ९० हजार माणसं राहत होती.

तिथले दोन नियम कडक होते. कोण कुठल्या टोळीचा, हे कुणी काढायचं नाही. आणि बायकोवर हात उचलायचा नाही. जो उचलेल, त्याला कोठडीत बसावं लागे.

२०१० मध्ये एका सशस्त्र गटाचे शेकडो लोक रुग्णालयात घुसले. स्त्रीने असा कारभार चालवू नये, ताबा आमच्याकडे द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. साठी ओलांडलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच विचारलं, ‘तुम्ही समाजासाठी काय केलं?’ त्यांना नजरकैदेत ठेवलं गेलं. पण छावणीतल्या शेकडो बायका त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, जगभरातून निषेध झाला आणि शेवटी बंदूकधाऱ्यांना माघार घ्यावी लागली. एवढ्यावर हवाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी लेखी माफी मागितली आणि ती मिळवली! धर्माचं नाव घेऊन आलेल्यांना धर्मातली सेवा काय असते, हे त्या बाईने दाखवून दिलं.

आपल्या शेजारची गोष्ट

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर जरा जवळ पाहू. महाराष्ट्राला हबशी लोक नवे नाहीत. खुलदाबादला मलिक अंबरची कबर आहे, मुरुडच्या समुद्रात सिद्दींचा जंजिरा आहे. शेजारच्या गुजरातमध्ये गीरच्या परिसरात सिद्दी समाज आहे. हा समाज आफ्रिकी वंशाचा, बहुतांश मुस्लिम आणि बराचसा गरीब. तिथल्या जांबूर गावच्या हिरबाई लोबी लहानपणीच पोरक्या झाल्या, आजीने वाढवलं. त्यांनी सिद्दी बायकांना एकत्र केलं, सेंद्रिय खत बनवून विकायला लावलं, बचतीची सवय लावली, मुलांसाठी बालवाड्या काढल्या. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण आपल्यापैकी किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे?

सन्मान म्हणजे काय?

हज्जतुल विदाच्या प्रसंगी प्रेषितांनी (स.) सांगितलं की गोऱ्याला काळ्यावर किंवा काळ्याला गोऱ्यावर श्रेष्ठत्व नाही, ते फक्त तकव्याने मिळतं. कुरआनात (३०:२२) भाषा आणि रंगांचं वेगळेपण ही अल्लाहची निशाणी सांगितली आहे. हे आपण सगळे मान्य करतो. आणि रिश्ता शोधायला निघालो की पहिलं विचारतो, ‘मुलगी गोरी आहे ना?’ सावळ्या मुलीला घरातच ‘काळी’ म्हणून चिडवतो. मग उम्मे ऐमन (रजि.) यांचं नाव आदराने घेण्याचा हक्क आपल्याला उरतो का?

या स्त्रियांचा सन्मान हारतुऱ्यांनी होणार नाही. मदरशात आणि शाळेत मुलांना त्यांच्या गोष्टी सांगा. रिश्त्याच्या जाहिरातीतून ‘गोरी’ हा शब्द काढून टाका. आणि आपल्या मोहल्ल्यात मुलांना कुरआन शिकवणारी आपा, दवाखान्यातली आया, मस्जिदीचा जिना पुसणारी खाला यांच्यापैकी कुणी चार दिवस दिसलं नाही, तर विचारा, ‘ती कुठे आहे?’ हे विचारणं सुन्नत आहे. तिच्या मृत्यूची बातमी येईपर्यंत थांबू नका.