तासाला पाऊण लिटर

गेमिंगसाठी जुळवलेला दणकट कॉम्प्युटर पूर्ण जोरात चालला की साधारण 500 वॅट वीज खातो, आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. ही उष्णता निव्वळ पाण्याची वाफ करून घालवायची म्हटली, तर पाणी किती लागेल? तासाला जेमतेम पाऊण लिटर! 30 अंशांच्या लिटरभर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,430 किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी 10 अंशांनी तापवायला अवघी 42. म्हणजे उडून गेलेलं एक लिटर पाणी, नुसतं तापून वाहून जाणाऱ्या जवळपास 58 लिटरांचं काम करतं. या 500 वॅटपायी दर सेकंदाला पाण्याचे सुमारे सात हजार अब्ज अब्ज रेणू हवेत निसटतात आणि प्रत्येक जण आपल्या वाट्याची उष्णता घेऊन जातो. माठ गार होतो तो याच हिशेबाने.

हौशी मंडळींनी हे करूनही पाहिलं आहे. उभा पीव्हीसी पाइप, वर शॉवर, खालून वर जाणारी पंख्याची हवा, आणि कॉम्प्युटरमधून तापून आलेलं पाणी त्यातून बरसत खाली. साध्या रेडिएटरमधलं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही. इथे ते होऊ शकतं.

पण किती गार? ही मर्यादा हवा ठरवते. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथे थांबतो, त्याच्याखाली बाष्पीभवन पाण्याला नेऊ शकत नाही. नागपुरात मे महिन्यात 45 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर हा आकडा सुमारे 24 येतो, म्हणजे तब्बल 21 अंशांची उतरण. मुंबईत पावसाळ्यात 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असताना तो 28च्या आसपास अडतो. होरपळणाऱ्या नागपुरातलं पाणी मुंबईतल्यापेक्षा गार होऊ शकतं! विदर्भात कूलर घरोघरी दिसतो आणि मुंबईत क्वचित, त्याचं कारण हेच.

मला सर्वांत चकित करतो तो खोलीचा हिशेब. 10 बाय 12 फुटांची, 10 फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात सुमारे 34 घनमीटर हवा मावते. 30 अंशांना ही हवा जास्तीत जास्त किलोभर वाफ सामावू शकते, आणि आर्द्रता 50 टक्के असेल तर त्यातली निम्मी जागा आधीच भरलेली असते. उरलेला अर्धा किलो आपला कॉम्प्युटर खिडक्या-दारं बंद असताना पाऊण तासाच्या आतच भरून टाकेल. त्यानंतर भिंती घामेजणार. शिवाय उष्णता खोलीबाहेर गेलेलीच नसते, ती वाफेत दडून तिथेच असते. त्यामुळे हा पाइप खिडकीबाहेरच हवा.

मग क्षार. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. रोज चार तास खेळलं तर दिवसाला तीन लिटर पाणी उडतं, वर्षाला सुमारे 1,100. म्हणजे पाणी मानकात बसणारं असलं तरी यंत्रात अर्धा किलोहून अधिक क्षार साठू शकतात. पाणी वरचेवर बदलायचं तर खप आणखी वाढतो.

आणि 500 वॅटचं हे यंत्र रात्रंदिवस चाललं, तर रोज 18 लिटर. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटर पाण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे, त्याचा हा तिसरा हिस्सा. जिथे ही युक्ती सर्वांत जास्त चालते, त्या कोरड्या मे महिन्यातच आपल्याकडे टँकर फिरत असतात. म्हणून घरच्या कॉम्प्युटरसाठी हा खर्च मला मुळीच पटत नाही. चिपला 80 अंश सहज सोसतात. नागपूरच्या 45 अंशांतही हवा आणि चिप यांच्यात 35 अंशांचा फरक उरतो, आणि मोठ्या रेडिएटरला चांगल्या पंख्यांची जोड असली की तेवढ्यावर 500 वॅट पाण्याचा थेंबही न उडवता बाहेर काढता येतात.