'गरम हवा' आणि कर्जाची वही

गेल्या रमजान ईदला भाचा घरी आला. शिरखुर्म्याची वाटी खाली ठेवत म्हणाला, "मामू, आम्ही तिघा मित्रांनी सिनेमाची कंपनी काढायचं ठरवलंय. थोडे पैसे उसने द्याल?" लग्नांचे व्हिडिओ शूटिंग करून त्याने स्वतःचा कॅमेरा घेतला आहे. आता त्याला तासाभराचा सिनेमा काढायचा आहे. मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी आम्ही काही रक्कम बाजूला ठेवली आहे, हे त्याला ठाऊक होते. आम्ही हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. रात्री जेवणे झाल्यावर सगळ्यांना बसवून 'गरम हवा' लावला.

सिनेमा म्हटले की आपल्याकडे पुष्कळ घरांत कपाळाला आठी पडते. पण १९७३ सालचा हा चित्रपट घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावा असा आहे. इस्मत चुगताई यांची अप्रकाशित कथा, कैफी आजमी आणि शमा जैदी यांची पटकथा, एम. एस. सथ्यू यांचे दिग्दर्शन. फाळणीनंतरच्या आग्र्यात सलीम मिर्झा यांचा चपला-बुटांचा कारखाना आहे. नातेवाईक एकेक करून पाकिस्तानात चालले आहेत. मिर्झासाहेब जायला तयार नाहीत. पण बँक त्यांना कर्ज देत नाही. हा माणूस उद्या निघून गेला, तर पैसे कोण फेडणार? ज्याने कुणाचा पैसा बुडवला नाही, त्याची पत दुसऱ्यांच्या जाण्याने गेली. आमच्या मते चित्रपटातले सर्वांत मोठे दुखणे हेच आहे. बलराज साहनींनी ते आवाज न चढवता दाखवले आहे.

आता गंमत पाहा. ज्या चित्रपटात नायकाला कर्ज मिळत नाही, तो चित्रपटच कर्जावर उभा राहिला. सथ्यू, छायाचित्रकार ईशान आर्य आणि अबू सिवानी यांच्या छोट्या संस्थेचे नाव होते युनिट थ्री एम. एम. विषय नाजूक म्हणून आधीच्या निर्मात्याने अंग काढून घेतले. मग सरकारच्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने अडीच लाख रुपये दिले. तेवढ्यात भागणार नव्हते. बाकीची रक्कम सथ्यूंनी मित्रांकडून उसनी घेतली. कॅमेराही होमी सेठना या मित्राचाच. आवाज टिपण्याची यंत्रे परवडत नव्हती, म्हणून आग्र्यात सगळे चित्रीकरण आवाजाशिवाय झाले आणि संवाद नंतर भरले गेले.

माणसेही घरचीच. शमा जैदी या सथ्यूंच्या पत्नी. पटकथेबरोबर कपड्यांची जबाबदारीही त्यांनीच सांभाळली. मिर्झासाहेबांच्या बेगम झाल्या कैफींच्या पत्नी शौकत आजमी. इप्टा या नाट्यसंस्थेतले कलाकार मदतीला आले. धाकट्या मुलाच्या भूमिकेतून फारूख शेख प्रथमच पडद्यावर आले. त्यांचे मानधन होते ७५० रुपये. हवेली न सोडणाऱ्या वृद्ध आईच्या भूमिकेसाठी आग्र्यातच बदर बेगम सापडल्या. सत्तरी उलटलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. तरुणपणी सिनेमात काम करण्यासाठी त्या मुंबईला पळून गेल्या होत्या आणि निराश होऊन परतल्या होत्या. त्यांची इच्छा अशी उतारवयात पुरी झाली. आवाज मात्र दीना पाठक यांनी दिला.

आग्र्यात चित्रीकरणाला विरोध होऊ लागला. तेव्हा सथ्यूंनी एक खोटी तुकडी तयार केली. रीळ नसलेला कॅमेरा घेऊन ती शहरात हिंडायची, गर्दी तिच्यामागे जायची आणि खरे काम दुसरीकडे पार पडायचे. भाच्याला हे फार आवडले!

पण काम संपले म्हणजे पैसे सुटले असे नसते. दंगे होतील या भीतीने सेन्सॉरने चित्रपट कित्येक महिने अडवून धरला. कर्ज तेवढे डोक्यावर राहिले. बलराज साहनींनी संवाद भरण्याचे काम संपवले आणि दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, त्यांचे निधन झाले. आपले एवढे मोठे काम लोकांपर्यंत पोहोचलेले त्यांना पाहता आले नाही. अखेर बंगळूरच्या दोन चित्रपटगृहांत तो लागला, शांततेत चालला आणि मग देशभर गेला. दंगा कुठेच झाला नाही. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कथा, पटकथा आणि संवाद या तिन्हींसाठी फिल्मफेअर मिळाले. खराब झालेली प्रत दुरुस्त करून २०१४ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला.

चित्रपट संपल्यावर आम्ही भाच्याला तीनच प्रश्न विचारले. तिघांत कुणाचा वाटा किती? सिनेमा अडकला, तर हप्ता कुठून देणार? आणि हे सगळे कुठे लिहिले आहे? तो गप्प झाला. उसनवारीची लिखापढी करावी, साक्षीदार ठेवावेत, ही आपल्या दीनची शिकवण. पण नात्यात आपल्याला कागद काढायची लाज वाटते आणि पुढे त्याच नात्यात अबोला येतो.

आम्ही मुलीला विचारले, कारण पैसे तिच्यासाठी ठेवलेले. ती म्हणाली, "अब्बा, मिर्झासाहेबांना कुणी विचारलंसुद्धा नाही, तुमचा हिशेब दाखवा म्हणून. भाईला निदान विचारा तरी."

आठ दिवसांनी भाचा वही घेऊन आला. कॅमेऱ्याचे भाडे लागणार नाही, जेवण एका मित्राच्या अम्मीकडून, जागा मामाच्या गोदामाची, प्रवास इतका, संकलन इतके. मागितली होती त्याच्या निम्मीच रक्कम आता पुरणार होती. आम्ही ती दिली. वहीवर तिघांच्या सह्या झाल्या, साक्षीदार म्हणून बेगमची आणि मुलीची. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा व्हिडिओच्या कमाईतून पहिला हप्ता यायचा आहे. वही मुलीने आपल्या कपाटात ठेवली आहे.