निफाडच्या दुधावर पहारा कोणाचा ?

दुधांत पाणी घालणारा गवळी हा आपल्याकडील थट्टेचा फार जुना विषय आहे. परंतु थट्टा करणाऱ्या गृहस्थास ‘या दुधावर देखरेख कोणाची ?’ असें विचारलें, तर तो बहुधा नगरपंचायतीकडे बोट दाखवील. निफाडसारख्या तालुक्याच्या गांवीं पाणी, गटारें आणि बाजार ज्या संस्थेच्या हातीं, तिच्याकडेच दुधाची परीक्षाही असावी, असें वाटणें स्वाभाविक आहे.

वस्तुस्थिति निराळी आहे. मुंबई इलाख्यांत भेसळीविरुद्ध कायदा १९२५ सालीं झाला. पुढें १९५४ सालीं सबंध देशासाठीं एक कायदा आला. त्या काळीं या कामांत स्थानिक संस्थांचाही हात असे. २००६ सालचा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलांत आला, आणि नमुने घेण्याची सत्ता राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांच्या हाताखालील अधिकाऱ्यांकडे गेली. महाराष्ट्रांत हें काम अन्न व औषध प्रशासन करितें. नगरपंचायतीकडे उरलें तें पाणी आणि बाजाराची स्वच्छता. तेंही क्षुल्लक नव्हे. ज्या पाण्यानें किटली विसळावयाची तेंच दूषित असेल, तर निर्भेळ दूधही मुलास बाधतें. २०२३ सालीं शासनानें दूधभेसळ रोखण्याकरितां अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं समित्या नेमल्या खऱ्या, परंतु ही योजनाही जिल्ह्याची, गांवाची नव्हे.

अधिकारी नमुना घेतो तेव्हां त्याचे चार भाग करितो. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून ठेवतात, आणि विक्रेत्यानें मागणी केल्यास चौथा दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवितात. विश्लेषकानें १४ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. तोंवर दूध नासूं नये म्हणून नमुन्यांत फॉर्मॅलीनचे थेंब टाकतात. जें विक्रेत्यानें घातलें तर गुन्हा, तेंच अधिकाऱ्यानें घालणें हें कर्तव्य, ही एक गंमतच ! गंमतीचा भाग सोडला तरी, अहवाल येईपर्यंत त्या दिवसाचें दूध घरोघर केव्हांच पिऊन झालेलें असतें, हें विसरतां येत नाहीं.

कित्येकांचा दुग्धमापकाच्या कांचेच्या नळीवर मोठा भरंवसा असतो. तो तितकासा खरा नाहीं. मलई काढली कीं दुधाची घनता वाढते, पाणी घातलें कीं ती उतरते. दोन्ही गोष्टी बेतानें केल्या कीं नळी मूळच्या खुणेवरच तरंगते. म्हणूनच प्रयोगशाळेंत स्निग्धांश व स्निग्धेतर घन पदार्थ हे वेगवेगळे मोजतात. टोन्ड दुधांत ते निदान ३ व ८.५ टक्के असावे लागतात. निफाडचें नांव वर्तमानपत्रांत येतें तें थंडीच्या कडाक्याबद्दल; परंतु चैत्र-वैशाखांत संध्याकाळचें दूध सकाळपर्यंत टिकविणें अवघड असतें, आणि आंबटपणा झांकणारा सोडा घालण्याचा मोह अशाच वेळीं होतो.

२०१८ सालीं देशभर ६,४३२ नमुने तपासले गेले. प्रकृतीस घातक अशी भेसळ आढळली ती अवघ्या १२ नमुन्यांत. उलट अफ्लाटॉक्सिन एम-१ हें विष ३६८ नमुन्यांत मर्यादेबाहेर निघालें. हें विष कोणी घालीत नाहीं. बुरशी आलेली पेंड किंवा मका जनावराच्या पोटांत गेला, कीं तें दुधांत उतरतें, आणि दूध उकळल्यानें तें जात नाहीं. तेव्हां पावसांत भिजलेला मका गाईपुढें टाकणारा सरळमार्गी शेतकरीही येथें निर्धास्त राहूं शकत नाहीं. ही पाहणी ५०,००० हून अधिक वस्तीच्या शहरांपुरती होती. निफाडसारखीं गांवें तींत आलींच नाहींत.

मग गृहिणीनें काय करावें ? सर्व दूध सहकारी संस्थेस घालणाऱ्या सभासदास नोंदणीची माफी आहे. परंतु दारोदार दूध विकणाऱ्यास नोंदणी हवी, आणि तिचा १४ आंकडी क्रमांक विचारण्यास कांहींच हरकत नाहीं. याहून महत्त्वाचें म्हणजे कायद्याचें ४० वें कलम. त्याअन्वयें कोणाही ग्राहकास फी भरून विश्लेषकाकडून दुधाची तपासणी करून घेतां येते. दूध सदोष ठरलें तर फी परत मिळते आणि अहवाल पुढील कारवाईसाठीं पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातो. अट एवढीच, कीं दूध घेतांनाच ‘हें तपासणीस पाठविणार’ असें विक्रेत्यास सांगावें लागतें. वर्षानुवर्षें दारीं येणाऱ्या, घरच्या मुलांस नांवानें हांक मारणाऱ्या गवळ्यास असें तोंडावर सांगणें जड जातें, यांत शंका नाहीं. आळींतील चार घरांनीं मिळून सांगितलें, तर फीही वांटली जाईल आणि एकाच घराकडे रोष येणार नाहीं.