नवा कॉम्प्युटर, जुनी रेकॉर्डिंग्ज : कोडेक कोणते ठेवायचे?

नवीन सिस्टीम टाकली, फील्डवर्कचा व्हिडिओ उघडला आणि आवाज येतोय पण चित्र दिसत नाही? फाईल खराब झाली म्हणून लगेच डिलीट करू नका. बऱ्याचदा फक्त कोडेक नसतो.

आधी एक फरक लक्षात घ्या. एमपी४ किंवा एमकेव्ही हा नुसता डबा. आतला माल कोणत्या पद्धतीने दाबून भरलाय, ते कोडेकवर ठरतं. म्हणून एक एमपी४ चालते, दुसरी अडते : एकीत एच.२६४ (२००३) असतो, दुसरीत एचईव्हीसी (२०१३). एचईव्हीसीवर पेटंटची फी लागते, त्यामुळे तो सगळीकडे आयता मिळत नाही.

मग काय टाकायचं? भलेमोठे ‘कोडेक पॅक’ नकोत. व्हीएलसी घ्या, त्याचे डिकोडर त्याच्या आतच असतात.

पण बघणं वेगळं आणि जपणं वेगळं. उच्चारांचं विश्लेषण करायचं असेल तर मूळ रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकमध्येच घ्या. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो डब्ल्यूएव्हीला तासाला सुमारे ३१८ एमबी लागतात. फ्लॅकला त्याहून कमी, आणि त्यात काहीच गळत नाही. एमपी३ मात्र कानाला फारसं जाणवणार नाही ते काढून टाकतो. नंतर त्याचं डब्ल्यूएव्ही केलं तरी गेलेलं परत येत नाही.

नुसतं ऐकून लिहून काढायचं असेल तर एमपी३ची प्रत चालेल. मूळ फाईलला मात्र हात लावू नका. मुलाखत देणारी आजी पुन्हा भेटेलच असं नाही.