हिरड्यांवरील सौम्य गाठी : निदान व उपचार

हिरडीवर गाठ दिसताच रुग्णाच्या व त्याच्या कुटुंबीयांच्या मनात पहिली शंका येते ती कर्करोगाची. तंबाखू व मिश्रीची सवय आपल्या समाजात खोलवर रुजलेली असल्याने ही भीती निराधार म्हणता येत नाही. तथापि हिरडीच्या एखाद्या भागापुरत्या मर्यादित असलेल्या बहुतेक गाठी सौम्य, म्हणजे शरीरात अन्यत्र न पसरणाऱ्या असतात. त्यांतील काही प्रकार क्वचितच आढळत असल्याने त्यांची माहिती येथे संक्षेपाने देत आहोत.

दातांच्या मुळाशी साचलेले किटण, तुटलेल्या दाताची धार किंवा नीट न बसणारी कवळी यांमुळे हिरडीला दीर्घकाळ इजा होत राहते. ती भरून काढताना काही वेळा ऊतकांची वाढ प्रमाणाबाहेर होते व गाठ तयार होते.

यांतील ‘पायोजेनिक ग्रॅन्युलोमा’ ही गाठ लाल व मऊ असून किंचित स्पर्शानेही तिच्यातून रक्त येते. नावात पुवाचा निर्देश असला तरी तिच्यात पू नसतो. गर्भारपणातील संप्रेरकांच्या बदलांमुळे ती काही स्त्रियांमध्ये उद्भवते आणि प्रसूतीनंतर पुष्कळदा आपोआप आक्रसते. ‘पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा’ ही तुलनेने घट्ट गाठ असून तिच्यात हाडासारखे कठीण कण तयार होतात. १० ते १९ या वयोगटात, विशेषतः मुलींमध्ये, ती अधिक दिसते. ‘पेरिफेरल जायंट सेल ग्रॅन्युलोमा’ ही गाठ जांभळट असते व खालच्या हाडाची थोडी झीज करू शकते. क्वचित तिचे मूळ गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथीच्या विकारात असते. म्हणून अशा रुग्णाच्या रक्तातील कॅल्शियम तपासणे हितावह ठरते.

निदानाचा आरंभ रुग्णाच्या विचारपूशीने होतो. फेफऱ्यावरील फेनिटॉइन, रक्तदाबावरील निफेडिपिन किंवा मूत्रपिंडरोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन या औषधांनीही हिरड्या सुजतात. मात्र ती वाढ सहसा एका जागी न राहता अनेक दातांभोवती पसरते. अशी औषधे रुग्णाने परस्पर बंद करू नयेत. त्यानंतर क्ष-किरण चित्राने हाडाची स्थिती पाहिली जाते. अंतिम निर्णय मात्र काढलेल्या ऊतकाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीनेच होतो. हिरडीचा कर्करोग, तसेच अन्य अवयवातून हिरडीवर उतरलेला कर्करोग, बाहेरून हुबेहूब सौम्य गाठीसारखा दिसू शकतो. म्हणूनच काढलेली गाठ तपासणीविना टाकून देणे कदापि योग्य नव्हे. खर्च वाचविण्यासाठी ही तपासणी टाळण्याचा मोह होतो; परंतु त्याची किंमत रुग्णाला प्राणांनी मोजावी लागू शकते.

उपचार शस्त्रक्रियेचा असून तो बहुधा स्थानिक भूल देऊन करता येतो. गाठ केवळ वरवर न कापता हाडावरील आवरणापर्यंत मुळासकट काढावी लागते आणि लगतच्या दातांवरील किटण स्वच्छ करावे लागते. दात बहुधा वाचविता येतो. मूळ कारण शिल्लक राहिल्यास गाठ पुन्हा उद्भवते. ऑसिफाइंग फायब्रोमाच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ८ ते २० टक्के नोंदविले गेले आहे. त्यामुळे जखम भरल्यावरही ठरल्या वेळी फेरतपासणीस येणे हा उपचाराचाच भाग आहे. गर्भवतीच्या बाबतीत तातडी नसल्यास दातांची स्वच्छता राखून प्रसूतीपर्यंत थांबणे श्रेयस्कर होय.

रुग्णांच्या कुटुंबीयांना नम्र विनंती की, दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी गाठ अथवा व्रण अंगावर काढू नये. दोरा बांधून किंवा जाळून ती घालविण्याचे उपाय करू नयेत. दात्यांनी व विश्वस्तांनी हेही ध्यानी घ्यावे की, शस्त्रक्रियेइतकेच मोल सूक्ष्मदर्शकाखालील त्या एका काचपट्टीला आहे. गरीब रुग्णाच्या तपासणीस लाभणारे साहाय्य कुणाला निश्चिंतता देते, तर कुणाला वेळीच उपचार मिळवून देते.