‘नाना’ नावाचा शेरा

हाटकेशमध्ये आमच्या सोसायटीच्या फाटकावर रात्रपाळीला एक निवृत्त सुभेदार असतात. मूळचे सातारा जिल्ह्यातले, सव्वीस वर्षे फौजेत काढलेली. एका संध्याकाळी प्लास्टिकची पिशवी घेऊन घरी आले. म्हणाले, “सर, तुम्ही जुनी कागदं वाचता म्हणं. एवढं जरा बघा.” माझा नाद सनदा-इनामांच्या कागदांचा, लष्करी पेन्शनीशी माझा कधी संबंध आला नव्हता. त्या पिशवीमुळे तो जडला.

पिशवीत निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाचा अहवाल होता. आजार : हृदयाच्या रोहिणींचा विकार. अपंगत्व : ३० टक्के, आयुष्यभरासाठी. आणि खालच्या रकान्यात शेरा, की हा आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. या इंग्रजी शेऱ्याच्या आद्याक्षरांचे फौजी कारकुनीत ‘नाना’ झाले आहे. आपल्याकडे नाना म्हणजे घरातले वडीलधारे. या नानांनी मात्र कित्येक घरांचे पैसे अडवून ठेवले आहेत.

पैसे कसे अडतात ते आधी सांगतो. साध्या निवृत्तिवेतनावर अपंगत्वाचा वेगळा भाग मिळण्यासाठी दोन अटी आहेत : अपंगत्व किमान २० टक्के हवे, आणि ते सेवेमुळे आलेले किंवा सेवेने बळावलेले हवे. शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, हा मूळ हिशेब. अखेरचे वेतन ४०,००० धरले तर पूर्ण अपंगत्वाचे १२,००० होतात आणि ३० टक्क्यांचे ३,६००. त्यातही एक सवलत आहे. २० ते ५० टक्क्यांमधले अपंगत्व ५० धरायचे, म्हणजे ३,६०० ऐवजी ६,०००. ही सवलत आधी फक्त आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना होती. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पूर्ण सेवा करून निवृत्त होणाऱ्यांनाही लागू असल्याचे मान्य केले. सुभेदारांच्या बाबतीत टक्केवारीची अट पुरी झाली होती; दुसऱ्या अटीवर घोडे अडले.

आता खरा प्रश्न. हृदयविकार नेमका कुठून सुरू झाला, हे कोण सांगणार? कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी करून तीन डॉक्टरांनी १९५३ साली निष्कर्ष छापले. सैनिकांचे सरासरी वय होते अवघे २२, आणि तरी सुमारे ७७ टक्के हृदयांमध्ये रोहिणींच्या विकाराच्या खुणा सापडल्या. जिवंतपणी यातल्या बहुतेकांना काही जाणवलेही नसेल. भरतीच्या दिवशी धडधाकट दिसणाऱ्या पोरात विकाराचे बीज आधीच असू शकते, असे यावरून म्हणता येईल. आणि ते बीज वीस वर्षे कशावर पोसले, हा प्रश्नही तितकाच उभा राहतो. एका माणसापुरते याचे उत्तर वैद्यकशास्त्र ठामपणे देऊ शकत नाही. म्हणून ते कायद्याने ठरवावे लागते. अमेरिकेने २०१० साली व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्यांचा असा हृदयविकार फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’मुळे झाला असे गृहीतच धरले आणि माणसागणिक कारण शोधण्याचा खटाटोप सोडून दिला.

आपल्याकडेही गृहीतक आहे. १९८२ च्या नियमांनुसार भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला, तर माणूस आत आला तेव्हा निरोगी होता असे धरायचे. पुरावा देण्याचा भार सैनिकावर नाही आणि वाजवी संशयाचा फायदा त्याचा. आजार भरतीच्या तपासणीत कळण्यासारखाच नव्हता असे डॉक्टरांचे मत असेल, तर त्यांनी कारणे लिहायची. २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ शब्दांत मांडले. तो खटला झटक्यांच्या आजाराचा होता, पण त्यातले तत्त्व हृदयाच्या प्रकरणांतही वापरले जाते. २००८ साली नियम नव्याने आले. पुराव्याचा भार त्यातही सहसा सैनिकावर नाही. मात्र सेवा सुटून पंधरा वर्षे उलटल्यावर दावा केला तर तो त्याच्यावर येतो.

मग इतके ‘नाना’ येतात कुठून? लष्करी डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेत हृदयविकारासाठी चौदा दिवसांची कसोटी होती : झटका येण्याआधीच्या चौदा दिवसांत माणूस काय काम करत होता ते पाहायचे. झटका सीमेवर किंवा अतिउंचीवर आला तर सेवेशी संबंध सहसा मान्य होतो. ‘पीस’मध्ये, म्हणजे शांत ठाण्यावर आला, तर चौदा दिवसांचा कामाचा तक्ता बघायचा. सुभेदारांची आधीची नेमणूक बर्फातली. झटका आला तो पीसमध्ये, सकाळच्या परेडनंतर. पंचवीस वर्षे साचलेल्या रोगाचा निवाडा पंधरवड्याच्या तक्त्यावरून करणे मला विचित्र वाटते. आणि तो तक्ता राहतो युनिटच्या कपाटात. जवानाच्या ट्रंकेत नव्हे.

दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२३ मध्ये संसदेत आलेल्या अहवालानुसार दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्के जण अपंगत्वाचा भाग घेत होते. जवान आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांमध्ये हे प्रमाण १५ ते १८ टक्के होते. रक्तदाब, मधुमेह असे जीवनशैलीचे आजार त्यात मोठ्या संख्येने होते. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला नवे, अधिक कडक नियम आले. लेखापरीक्षकाला संशय येणे मी समजू शकतो. पण आकडा फुगलेला दिसतो वरच्या हुद्द्यांवर, आणि संशयाची झळ फाटकावर रात्रपाळी करणाऱ्यालाही लागते, हे खटकते.

‘जीवनशैली’ या शब्दाबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये नेमके बोट ठेवले. जीवनशैली माणसागणिक वेगळी; या माणसाच्या कोणत्या सवयीमुळे आजार झाला हे मंडळाने तपासून नोंदवले नसेल, तर नुसता तो शब्द लिहून पेन्शन नाकारता येणार नाही. आजार पीसमध्ये सुरू झाला एवढेही कारण पुरेसे नाही. सुभेदारांचा अहवाल मी यानंतर पुन्हा वाचला. कारणाच्या रकान्यात दीड ओळ आहे : जीवनशैलीचा आजार, पीसमधील सुरुवात. ते विडी-तंबाखू ओढत होते का, वजन किती होते, घरात कुणाला हा रोग होता का, यावर एक अक्षर नाही.

पहिले अपील फेटाळलेले आहे. दुसरे त्यांनी केलेच नाही, कारण “साहेबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.” सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. तारसेम सिंग खटल्यापासून (२००८) अशा दाव्यांत थकबाकी सहसा अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. सुभेदारांच्या निवृत्तीला अकरा वर्षे झाली. म्हणजे अर्ज आज केला तरी आठ वर्षांचे पैसे गेलेलेच. आणखी चार वर्षे नुसती गेली, तर पंधरा वर्षांची रेषाही येईल.

गेल्या महिन्यात आम्ही माहितीच्या अधिकारात तीन कागद मागितले : भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, झटक्याआधीच्या चौदा दिवसांचा कामाचा तक्ता आणि उंचावरच्या नेमणुकीच्या नोंदी. पहिला आणि तिसरा आला आहे. भरतीच्या अहवालात हृदयापुढे ‘सामान्य’ असे लिहिलेले आहे. चौदा दिवसांच्या तक्त्याची वाट पाहतो आहोत.