भूकंप सीमेपलीकडे, धावपळ कॅम्प १ मध्ये: मदतीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

शेजारच्या देशात मोठा भूकंप झाला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात दोन गोष्टी लगेच सुरू होतात. संस्था आणि मंडळांच्या दारात जुन्या कपड्यांची गाठोडी जमू लागतात आणि मोबाइलवर खरेखोटे संदेश फिरू लागतात. त्यामागची कळकळ खरी असते. उल्हासनगरचा जन्मच सीमा ओलांडून आलेल्या माणसांच्या आसऱ्यातून झाला आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बॅरेकमध्ये उतरली आणि १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. म्हणूनच इथली मदत वाया जाऊ नये असं वाटतं, आणि ती वाया जाते ती बहुतेक वेळा अपुऱ्या माहितीमुळे.

गैरसमज: विमान भरून सामान पाठवलं की मदत पोचली.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. आपल्या घड्याळात सकाळचे ११ वाजून ४१ मिनिटं झाली होती. नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यात सुमारे ९ हजार माणसं गेली. भारताचं 'ऑपरेशन मैत्री' त्याच दिवशी सुरू झालं, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) पथकं घेऊन हवाई दलाची विमानं काठमांडूला निघाली. पण तेव्हा नेपाळमध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ एकच होता, त्रिभुवन, आणि त्याला धावपट्टीही एकच. जगभरातून विमानं येऊ लागली, ती उभी करायला जागा उरली नाही आणि काही विमानांना घिरट्या घालून परत फिरावं लागलं. ३ मे रोजी धावपट्टीला इजा पोचू लागल्याने मोठ्या विमानांना उतरायला बंदी झाली.

अशा ठिकाणी प्रत्येक खोक्याची दुसऱ्या खोक्याशी स्पर्धा असते. जुन्या साड्यांचं गाठोडं उतरतं तेव्हा ताडपत्रीचं किंवा औषधांचं खोकं मागे राहतं. उतरलेलं सामानही लगेच गावात जात नाही. जकातीचे कागद तपासावे लागतात, ट्रक लागतात आणि डोंगरातला रस्ता दरडींनी बंद नसावा लागतो. काठमांडूच्या विमानतळावर आणि सीमेवर मदतीचं सामान अडकून पडल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी जकातीचे नियम सैल करण्याची मागणी केली होती. तंबू आणि ताडपत्र्यांवरचा कर नेपाळने माफ केला तो भूकंपानंतर जवळपास आठवड्याने.

कपड्यांचा अनुभव तर आपल्याच देशातला आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून होते. कोणी घेतले नाहीत, आणि ते उचलण्याचं काम आधीच थकलेल्या यंत्रणेच्या माथी आलं. मदत घेणाऱ्याचाही स्वाभिमान असतो, ही गोष्ट आपण विसरतो. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्यांची कमी नाही. कोणाला कपडेच द्यायचे असतील तर नवे, मापानुसार बांधलेले आणि तिकडच्या एखाद्या संस्थेने मागितलेले द्यावेत. नाहीतर नोंदणीकृत संस्थेला पैसे द्यावेत आणि पावती घ्यावी. पैशाला वाहतूक लागत नाही आणि त्यातून तिथल्याच बाजारात ताडपत्री विकत घेता येते.

गैरसमज: परदेशी पथकं येतील आणि ढिगाऱ्यातून माणसं काढतील.

नेपाळमध्ये बाहेरच्या देशांच्या डझनावारी पथकांनी मिळून ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली माणसं होती १६. त्यातली ११ एकट्या एनडीआरएफने काढली. ही कामगिरी मोठीच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या भूकंपानंतरच्या 'ऑपरेशन दोस्त'मध्ये आपल्या जवानांनी दोन लहान मुलींना जिवंत बाहेर काढलं आणि ८५ मृतदेह काढून दिले. त्यासाठी शंभराहून अधिक जवानांचे पासपोर्ट रातोरात तयार करण्यात आले होते. लष्कराने इस्केंदेरूनमध्ये रुग्णालय उभारलं, आणि त्यातून जितक्या लोकांना दिलासा मिळाला ते पाहता परदेशी मदतीचं खरं बळ शोधकार्याइतकंच उपचारांत आहे असं माझं मत आहे.

नेपाळमध्ये बाकी हजारो जखमींना बाहेर काढलं ते शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी, स्थानिक पोलीस आणि जवानांनी. ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी पहिले काही तास निर्णायक असतात आणि त्या तासांत परदेशी पथक अजून आपल्याच देशातल्या धावपट्टीवर असतं.

हे उल्हासनगरच्या कॅम्प १ ला वेगळं सांगायला नको. १५ मे २०२१ रोजी इथल्या मोहिनी पॅलेस इमारतीचे स्लॅब एकावर एक कोसळले आणि पाच जण गेले. तेरा दिवसांनी नेहरू चौकाजवळच्या साई सिद्धी इमारतीत सात जण गेले. भूकंप नव्हता. १९९० च्या दशकात रेतीच्या टंचाईत वालवा रेती, म्हणजे दगडाचा चुरा, वापरून उभारलेल्या इमारती या शहरात आजही माणसांनी भरलेल्या आहेत. शेजारच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडे, २०१८ पासून भूकंपाचे धक्के जाणवत आहेत. काठमांडूसाठी हळहळणाऱ्या सोसायटीने स्वतःच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण पुढे ढकलू नये, असं मला कळकळीने म्हणावंसं वाटतं.

गैरसमज: ७२ तास उलटले की शोध थांबवावा.

काठमांडूत पाचव्या दिवशी पंधरा वर्षांचा एक मुलगा जिवंत बाहेर आला. शोध कधी थांबवायचा हे त्या देशाचं सरकार ठरवतं. नेपाळने मे महिन्याच्या सुरुवातीला परदेशी शोधपथकांना परत जायला सांगितलं, कारण आता गरज निवाऱ्याची होती.

गैरसमज: संकटात सीमा आड येत नाही.

येते. संयुक्त राष्ट्रांच्या १९९१ च्या ठरावानुसार आंतरराष्ट्रीय मदत ही बाधित देशाच्या संमतीने द्यायची असते. २०२३ च्या भूकंपात तुर्कस्तानातून वायव्य सीरियात जायला संयुक्त राष्ट्रांना बाब अल-हवा ही एकच चौकी खुली होती. भूकंप ६ फेब्रुवारीचा, पहिला ताफा पलीकडे गेला ९ तारखेला. आणखी दोन चौक्या उघडायला सीरिया सरकार तयार झालं ते १३ तारखेला. भारताचंही स्वतःचं धोरण आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्राच्या पुनर्वसनाला जागतिक बँकेचं कर्ज आलं होतं, २००४ च्या त्सुनामीपासून मात्र भारत परदेशी सरकारांकडे बचावकार्यासाठी मदत मागत नाही.

गैरसमज: आपली माणसं अडकली तर सरकार शोधून आणेलच.

आणतं, पण त्याला नावं लागतात. २०१५ मध्ये सामान घेऊन गेलेली हवाई दलाची विमानं परतताना भारतीयांना घेऊन आली. रक्सौल आणि सोनौली या सीमांवरून बसगाड्या आल्या. भारताने अडकलेल्या परदेशी नागरिकांनाही व्हिसा देऊन वाट करून दिली. या सगळ्यात अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, कोण कुठे आहे?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडून काठमांडू, पोखरा, मुक्तिनाथ अशा सहली निघतात. एका गटाबद्दल दहा नातेवाईक दहा ठिकाणी फोन करतात, नावं वेगवेगळी लिहिली जातात आणि परतलेला माणूसही यादीत बेपत्ता राहतो. म्हणून गटातल्या एकाच घराने जबाबदारी घ्यावी. पूर्ण नाव, ओळखपत्राचा क्रमांक, हॉटेल, शेवटचा फोन कधी झाला आणि काही औषधं चालू आहेत का, एवढं सांगावं. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, राज्याचा १०७०. दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयही अशा वेळी नियंत्रण कक्ष उघडतं. माणूस सुखरूप पोचला की तेही लगेच कळवावं, कारण त्याच्या नावावर चाललेला शोध दुसऱ्या कोणाच्या कामी येऊ शकतो.

कागदांचंही तसंच. नेपाळला जायला पासपोर्ट लागत नाही हे खरं, पण त्यावरून आधार कार्ड पुरतं असं अनेकजण धरून चालतात. १५ ते ६५ वयाच्या भारतीयाला तिथे पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते लहान मुलांना आणि ज्येष्ठांना.

तुमच्या घरातलं कोणी येत्या सुट्टीत नेपाळला निघालं असेल, तर सहल नेणाऱ्याकडून प्रवाशांची यादी आणि रोजच्या मुक्कामाचे पत्ते आजच मागून घ्या आणि त्याची एक प्रत घरी ठेवा.